इंग्रजीतला ‘फ्रेंच’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करतो. अगदी सुरुवातीच्या दिवसांत एका गोष्टीत शिपाई ‘फ्रेंच लीव्ह’ घेऊन छावणीतून जातो, असं वाक्य आलं आणि मी ‘त्याने फ्रेंच रजा घेतली’ असं लिहून मोकळा झालो. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलीने विचारलं होतं, ‘ही रजा किरकोळ रजेत धरायची की अर्जित?’ त्या दिवसापासून हा शब्द दिसला की मी पेन खाली ठेवतो. पुढे मित्रमंडळी, भाषांतर शिकणारी मुलं आणि एकदा तर दाढी करता करता सलूनवालाही याबद्दल विचारत गेला. ते सगळे प्रश्न इथे एका जागी मांडले आहेत.

‘फ्रेंच’ हा शब्द इंग्रजीने फ्रेंच भाषेतूनच घेतला असणार ना?

नाही. फ्रान्सचा माणूस स्वतःच्या भाषेला ‘फ्राँसे’ म्हणतो. ‘फ्रेंच’ मात्र इंग्रजीच्याच घरात जन्मलेला शब्द आहे. जुन्या इंग्रजीत ‘फ्रांका’ म्हणजे फ्रँक माणूस. त्याला ‘इश’ हा प्रत्यय लागला. ‘इंग्लिश’, ‘आयरिश’, ‘स्पॅनिश’ यांच्या शेपटीला आहे तोच. प्रत्ययातल्या ‘इ’ने मागच्या ‘आ’ला आपल्याकडे ओढून त्याचा ‘ए’ केला, ‘क’चा ‘च’ झाला, आणि पुढे बोलता बोलता शेपूट झिजून गेली. ‘मॅन’चं अनेकवचन ‘मेन’ होतं, त्यामागेही हाच ‘इ’ आहे. तो स्वतः नाहीसा झाला, पण जाताना शेजारच्या स्वराला रंग लावून गेला. वेल्सच्या माणसाला ‘वेल्श’ म्हणतात, तिथेही ‘इश’ असाच आक्रसलेला आहे.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. त्याआधीपासून हा शब्द इंग्रजांच्या तोंडी होता, आणि या नव्या धन्यांनाही ते ‘फ्रेंच’च म्हणू लागले. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत फ्रेंचमधून इंग्रजीत हजारो शब्द आले. राज्यकारभार, न्यायालय, स्वयंपाकघर, काही सुटलं नाही. पण पाहुण्याचं नाव तेवढं यजमानाने आपल्याच भाषेतलं ठेवलं.

आणि हे फ्रँक कोण?

ऱ्हाइन नदीच्या खालच्या खोऱ्यातल्या जर्मानिक टोळ्यांचं हे एक कडबोळं. रोमन लिखाणात त्यांचं नाव तिसऱ्या शतकापासून दिसतं. क्लोविस या त्यांच्या राजाने (कारकीर्द ४८१ ते ५११) गॉलचा, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या मुलखाचा, मोठा भाग ताब्यात घेतला. देशाला फ्रँकांचं नाव मिळालं, आणि फ्रँक मात्र हळूहळू आपली भाषा विसरून तिथली लॅटिनची लेक बोलू लागले. म्हणजे फ्रेंच लोकांचं नाव जर्मन कुळातलं आणि भाषा रोमच्या कुळातली.

नावाच्या अर्थाबद्दल सर्वांत जास्त सांगितली जाणारी उपपत्ती अशी, की ‘फ्रँक’ म्हणजे फेकायचा भाला. जुन्या इंग्रजीत भाल्याला ‘फ्रांका’ असा शब्द होताही. सॅक्सन लोकांचं नाव त्यांच्या ‘सेआक्स’ या सुऱ्यावरून पडलं, असं म्हणतात. शस्त्रावरून जमात ओळखायची त्या काळची रीत दिसते.

‘फ्रँक’ म्हणजे तर मोकळ्या मनाचा माणूस. त्याचा या टोळ्यांशी काय संबंध?

थेट आहे. जिंकलेल्या गॉलमध्ये पूर्ण मोकळीक होती ती फ्रँकांना. त्यामुळे ‘फ्रँक’चा अर्थ ‘स्वतंत्र, कुणाचा बांधील नसलेला’ असा झाला. मग मोकळेपणाने बोलणारा तो फ्रँक. राजाने दिलेली सूट किंवा अधिकार ती ‘फ्रँचाइज’, आणि आज आयपीएलच्या संघापासून गल्लीतल्या चहाच्या दुकानापर्यंत जी ‘फ्रँचायझी’ आपण ऐकतो, तिचं मूळ याच मोकळिकीत. महिना भरला की मूळ मालकाला रॉयल्टी मोजणाऱ्या चहावाल्याला हे सांगून पाहा.

भाडेकरारासाठी बँकेत फ्रँकिंग करायला रांगेत उभे राहिला असाल, तर तोही याच घराण्यातला शब्द आहे. इंग्लंडमध्ये खासदारांची पत्रं टपालाने फुकट जात. पाकिटाच्या कोपऱ्यात सही केली की ते पत्र ‘फ्रँक’, म्हणजे शुल्कातून मोकळं. १८४० मध्ये ही सवलत गेली. पाकिटावरच्या खुणेला चिकटलेलं नाव मात्र राहिलं, पुढे ते ठसा मारणाऱ्या यंत्राला मिळालं, आणि आता आपण मुद्रांक शुल्क भरून घेतो तो लाल ठसा, म्हणजे पैसे घेतल्याची खूण, त्या नावाने ओळखतो. अर्थ पार उलटा झाला.

आणखी दोन जाता जाता. फ्रँकफर्ट म्हणजे फ्रँकांचा उतार, नदी पायी ओलांडायची जागा. आणि असिसीच्या संत फ्रान्सिसचं बारशाचं नाव जोव्हान्नी होतं. कापडाच्या व्यापारासाठी फ्रान्सला जाणाऱ्या बापाने मुलाला ‘फ्रांचेस्को’, म्हणजे जवळजवळ ‘फ्रेंचू’, म्हणायला सुरुवात केली. संतामुळे नाव युरोपभर पसरलं. जुन्या गोव्यात ज्यांचा देह ठेवला आहे त्या फ्रान्सिस झेवियरचं नावही तेच.

मग आपला ‘फिरंगी’ही यातलाच?

अगदी यातलाच. हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पहिलं क्रुसेड, म्हणजे जेरुसलेमसाठी ख्रिस्ती सैन्यांनी केलेलं धर्मयुद्ध, १०९६ ते १०९९ या काळात झालं. पश्चिमेकडून आलेल्या त्या सैन्यांत फ्रान्सकडचे लोक पुष्कळ होते, पण अरबांनी सरसकट सगळ्या पश्चिम युरोपीयांना ‘फ्रँक’ ठरवून टाकलं. अरबीत ‘फ’ला जोडून ‘र’ सुरुवातीला येत नाही, म्हणून ‘इफ्रंज’ किंवा ‘फिरंज’. फारसीत त्याचं ‘फरंग’ आणि ‘फरंगी’ झालं, आणि फारसीच्या वाटेने ते हिंदुस्थानात आलं. १४९८ मध्ये पोर्तुगीज कालिकतला उतरले, १५१० मध्ये गोवा त्यांच्या हाती गेला, तेव्हा त्यांच्यासाठी शब्द तयारच होता.

त्यामुळे मराठीत एक मजा झाली. जुन्या मराठी कागदांत ‘फिरंगी’ म्हणजे बहुतेक वेळा पोर्तुगीज. खरा फ्रेंच माणूस आला तेव्हा त्याचं नाव दुसऱ्याने बळकावलेलं होतं, म्हणून तो ‘फरासीस’ झाला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची, म्हणजे युरोपीयांची, जी यादी येते, तीत फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस आणि डिंगमार असे सगळे वेगवेगळे मोजले आहेत. वलंदेज म्हणजे डच, डिंगमार म्हणजे डॅनिश. त्यातले ‘इंग्रज’ आणि ‘वलंदेज’ हे शब्द आपण पोर्तुगीजांच्या तोंडून उचलले. म्हणजे एका युरोपीयाने दुसऱ्याची ओळख करून दिली, आणि ओळख करून देणाऱ्याला आपण तिसऱ्याच्या नावाने हाक मारत होतो.

‘फिरंग’ ही तलवारही आहे. सरळ, लांब पात्याची. पाती युरोपातून यायची किंवा त्या धर्तीवर इथे घडायची. आणि ‘फिरंग’ हा रोगही आहे, त्याकडे खाली येतोच.

या शब्दाचा प्रवास आपल्याकडे थांबला नाही. थायलंडमध्ये गोऱ्या माणसाला ‘फरांग’ म्हणतात. तिथे पेरूलाही ‘फरांग’च म्हणतात.

इंग्रजीत घाणेरड्या गोष्टींना ‘फ्रेंच’ का म्हणतात?

रोगापासूनच सुरुवात करू. १४९५ च्या फेब्रुवारीत फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स सैन्यासह नेपल्समध्ये शिरला. त्याच वर्षी तिथे एक भयंकर नवा रोग उफाळला, आणि पांगणाऱ्या भाडोत्री सैनिकांबरोबर युरोपभर गेला. तो सिफिलिस, आपल्याकडची गरमी. इटलीवाले त्याला ‘फ्रेंच रोग’ म्हणाले, फ्रेंच त्याला ‘नेपल्सचा रोग’ म्हणाले. पोलंडमध्ये तो जर्मनांचा ठरला, रशियात पोलंडचा. इंग्रजांनी इटलीची री ओढत ‘फ्रेंच पॉक्स’ केलं. १५३० मध्ये जिरोलामो फ्राकास्तोरो या वैद्याने लॅटिनमध्ये त्यावर दीर्घ काव्य लिहिलं. त्यातल्या मेंढपाळाच्या नावावरून ‘सिफिलिस’ हे नाव पडलं, पण काव्याच्या शीर्षकात ‘गॉलचा रोग’ हेही होतंच.

आता आपल्या बाजूने पाहा. सोळाव्या शतकात भावमिश्राने लिहिलेल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात या रोगाचं वर्णन ‘फिरंग’ नावाने आहे. फिरंग नावाच्या देशात तो फार आढळतो म्हणून हे नाव, असं कारणही दिलं आहे, आणि औषधांत चोपचिनी सांगितली आहे. इंग्रजीतला ‘फ्रेंच’ आणि संस्कृतातला ‘फिरंग’ हे दोन्ही शब्द एकाच ‘फ्रँक’चे वंशज. दोन्ही भाषांत एकाच शतकात ते एकाच रोगाला चिकटले, आणि एकीला दुसरीची खबरही नव्हती. ज्याच्या गलबतातून दुखणं उतरलं त्याचं नाव दुखण्याला, ही युक्ती लंडनलाही सुचली आणि इथेही.

बाकीचा माल इंग्लंड आणि फ्रान्सच्या भाऊबंदकीतून आला आहे. दोघांमध्ये समुद्राचा चिंचोळा पट्टा, आणि चौदाव्या शतकापासून नेपोलियनपर्यंत लढाया. शेजाऱ्याचा स्वयंपाक आणि कपडे यांचा हेवा, आणि शेजाऱ्याचं चारित्र्य वाईट असल्याची खात्री, ही जोडी कुठल्याही वाड्यात सापडेल. म्हणून मग खवट विनोदात ‘फ्रेंच लेटर’ म्हणजे निरोध. फ्रान्समध्ये त्याच वस्तूला ‘इंग्लिश टोपडं’ या अर्थाचा शब्द आहे, हे ऐकल्यावर दोघांनाही सारखेच गुण द्यावेसे वाटतात. ‘फ्रेंच किस’ त्यामानाने नवा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्या चुंबनासाठी फ्रेंचांच्या ‘पती रोबेर’ या शब्दकोशात एकशब्दी क्रियापद घ्यायला २०१३ साल उजाडलं. तोवर ते काम विनाशब्द चालू होतं.

हा मान फ्रेंचांना एकट्यांनाच मिळाला, असं मात्र समजू नका. सतराव्या शतकात इंग्रजांची डचांशी जुंपली, तेव्हाच्या वैराच्या खुणा ‘डच करेज’सारख्या शब्दप्रयोगांत राहिल्या आहेत. डच करेज म्हणजे दारू पोटात गेल्यावर चढलेलं शौर्य.

‘फ्रेंच लीव्ह’ म्हणजे नक्की काय, आणि मराठीत काय म्हणायचं?

यजमानाचा निरोप न घेता समारंभातून सटकणं. अठराव्या शतकात फ्रान्सच्या मोठ्या घरांत अशी रीत होती म्हणे, आणि इंग्रजांना ती असभ्य वाटली. पुढे सैन्यात आणि शाळेत ‘न विचारता गैरहजर’ या अर्थाने तो रुळला. फ्रेंच भाषेत याच कृतीला ‘इंग्रजी पद्धतीने सटकणं’ म्हणतात. इटलीवाले आणि पोलंडवालेही इंग्रजांवरच ढकलतात. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये मात्र फ्रेंचांवर.

मराठीत ‘सूंबाल्या केला’, ‘पोबारा केला’, ‘गुपचूप काढता पाय घेतला’ यांतलं प्रसंगाला शोभेल ते घ्यावं. माझ्या त्या शिपायासाठी शेवटी ‘न सांगता छावणी सोडली’ एवढंच ठेवलं. त्याला पुढे फटके पडतात, तिथे ‘सूंबाल्या’ फार हलका वाटला असता.

शिवी दिल्यावर ‘माफ करा, माझी फ्रेंच’ असं का म्हणतात?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे अक्षरशः खरं असायचं. बोलताना माणूस एखादा फ्रेंच शब्द पेरायचा आणि ऐकणाऱ्याला तो कळला नसेल म्हणून दिलगिरी व्यक्त करायचा. थोडी दिलगिरी, बरीचशी प्रौढी. नंतर शिवी निसटली की ‘ते फ्रेंच होतं बरं का’ अशी थाप मारायची खोड लागली. भाषांतरात ‘तोंड खराब झालं, माफ करा’ हे चपखल बसतं.

फ्रेंच फ्राइज बेल्जियमचे की फ्रान्सचे?

बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांचा, एवढं निर्विवाद. ‘बटाटा’ हे नाव आपल्याला पोर्तुगीजांनी दिलं. तळण्याच्या श्रेयावरून बेल्जियम आणि फ्रान्स यांचा वाद चालू आहे, आणि तो मिटावा असं दोघांनाही वाटत नसावं.

शब्दाचा प्रश्न त्याहून सोपा आहे. १८५० च्या दशकातल्या इंग्रजी पाककृतींत ‘फ्रेंच फ्राइड पोटॅटोज’ असं पूर्ण नाव मिळतं, म्हणजे फ्रेंच पद्धतीने, भरपूर तेला-तुपात बुडवून तळलेले बटाटे. विसाव्या शतकात ते तोडून ‘फ्रेंच फ्राइज’ उरलं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी बेल्जियममध्ये हे खाल्लं, तिथले लोक फ्रेंच बोलत होते म्हणून असं नाव पडलं, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. नाव महायुद्धाच्या साठ वर्षं आधीचं आहे. दुसरी गोष्ट अशी, की ‘फ्रेंच करणं’ म्हणजे भाजीच्या लांब चिरा करणं, त्यावरून हे नाव. ते क्रियापद आहे खरं, पण बटाट्यांच्या नावानंतरचं.

२००३ मध्ये इराकवरच्या हल्ल्याला फ्रान्सने विरोध केला, तेव्हा अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या उपाहारगृहांत फळ्यावरचं नाव बदलून ‘फ्रीडम फ्राइज’ केलं गेलं. फ्रेंच वकिलातीकडून शांतपणे उत्तर आलं, की आम्ही गंभीर प्रश्नांत गुंतलो आहोत, बटाट्याला तुम्ही काय म्हणता त्याकडे आमचं लक्ष नाही. २००६ मध्ये जुनं नाव गुपचूप परत आलं. आणि ‘फ्रँक’चा एक अर्थ ‘स्वतंत्र’ असल्यामुळे, बारा गावं फिरून फळ्यावरचं नाव घरीच आलं होतं.

आणि फ्रेंच टोस्ट?

१६६० सालच्या एका इंग्रजी पाककृतीच्या पुस्तकात ‘फ्रेंच टोस्ट’ आहे, पण त्यात अंडं नाही. पाव भाजायचा, वाइनमध्ये भिजवायचा, वर साखर आणि संत्र्याचा रस. शिळा पाव भिजवून खाण्याची सोय रोमन काळापासूनची आहे. फ्रेंच त्याला ‘पां पेर्द्यू’ म्हणतात, म्हणजे वाया गेलेला पाव. आमच्या घरी शिळ्या पोळीचा कुस्करा होतो तो याच न्यायाने.

फरसबीत ‘फ्रेंच’ आहे का?

आहे. ‘फ्रेंच बीन’ घाईत म्हणून पाहा, ‘फरसबी’ आपोआप होते. ही घेवड्याची जात, आणि राजमा म्हणजे याच वनस्पतीचे वाळलेले दाणे. मूळ अमेरिका खंडातली, कोलंबसानंतर युरोपात आलेली. इंग्रजांनी तिला फ्रेंच म्हटलं, आपण इंग्रजांकडून घेऊन तिला मराठी केलं. मंडईतली मावशी ‘फरसबी घ्या ताई, कवळी आहे’ म्हणते, तेव्हा तिच्या तोंडी फ्रँक लोकांची जर्मानिक टोळी असते. मला हा शब्द ‘फिरंगी’पेक्षाही जास्त आवडतो.

तर मग ‘फ्रेंच’ म्हणवणाऱ्या वस्तू फ्रान्सच्या असतात की नसतात?

निम्म्याशिम्म्या. दसऱ्याच्या आधी रोपवाटिकेत गेलात तर झेंडूच्या दोन रांगा दिसतील. उंच, मोठ्या गोंड्याचा तो ‘आफ्रिकन’, बुटका, तांबूस कडांचा तो ‘फ्रेंच’. दोन्ही मूळ मेक्सिकोकडचे. फ्रेंच बुलडॉगचे पूर्वज इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या लेस विणणाऱ्या कारागिरांनी पोट भरायला फ्रान्सला जाताना बरोबर नेलेले छोटे इंग्लिश बुलडॉग. फ्रेंच प्रेस नावाच्या कॉफीच्या भांड्याचं आजच्या घडणीजवळ जाणारं पेटंट १९२९ मध्ये मिलानच्या दोघांनी घेतलं. फ्रेंच हॉर्न आज वाजतो तो प्रामुख्याने जर्मन घडणीचा, म्हणून १९७१ मध्ये इंटरनॅशनल हॉर्न सोसायटीने नुसतं ‘हॉर्न’ म्हणा, अशी शिफारस केली. फारसं कुणी ऐकलं नाही.

इमारतीच्या जाहिरातीतली ‘फ्रेंच विंडो’ मात्र खरोखर फ्रान्सकडची, जमिनीपर्यंत उतरणारी दार-कम-खिडकी. तिचं फ्रेंच नावही ‘दार-खिडकी’ असंच आहे. शिंपीकामातली गाठ, शिवण, रेखाटनाच्या वर्गातला तो नागमोडी ‘फ्रेंच कर्व्ह’, यांच्या वाटेला मी जात नाही. ती यादी संपत नाही.

हे आपल्याला नवं वाटायचं कारण नाही. आपण ‘विलायती’ हा शब्द असाच वापरला. विलायती चिंच विलायतेत उगवत नाही, तीही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. इंग्रजाचं ‘फ्रेंच’ आणि आपलं ‘विलायती’ यांचा अर्थ पुष्कळदा एवढाच, की बाहेरून आलेलं, आणि जरा वेगळं.

फ्रेंच पॉलिश तरी फ्रेंच असतं का?

पद्धत फ्रान्समधून इंग्लंडला गेली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. माल आपला.

आमच्या घरचं आजोबांचं शिसवी टेबल पॉलिशला काढलं होतं तेव्हा मी दोन दिवस शेजारी बसून पाहिलं. पॉलिशवाले काका साठीचे, नखं कायमची तपकिरी. आधी काचकागदाने लाकूड घासून रेषा मोकळ्या केल्या. मग पिशवीतून चपडा काढला. लाखेचे पातळ, तांबूस, अर्धपारदर्शक पापुद्रे, कांद्याच्या सालीसारखे. ते रात्रभर स्पिरिटमध्ये विरघळत ठेवले. सकाळी कापसाचा बोळा जुन्या मलमलीत गुंडाळून त्याची पोटली केली, ती चपड्यात बुडवली, तळाला बोटाने थेंबभर तेल लावलं आणि इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरवायला सुरुवात केली. पोटली लाकडावर थांबवायची नाही, थांबली की तिथे डाग. एक हात वाळला की दुसरा, मग तिसरा. आठव्या हाताला खिडकी टेबलात दिसायला लागली.

मी विचारलं, ‘काका, याला फ्रेंच पॉलिश का म्हणतात?’ ते म्हणाले, ‘साहेब लोक म्हणायचे. आमचे वडील लाखेचं पॉलिश म्हणायचे.’

वडील बरोबर होते. ही लाख पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर बसणाऱ्या किड्यांची. झारखंड हा तिचा मोठा मुलूख. इंग्रजीतला ‘शेलॅक’ हा शब्द ‘कवचाच्या पापुद्र्यांसारखी लाख’ या फ्रेंच शब्दप्रयोगाचं भाषांतर, आणि त्यातला ‘लॅक’ म्हणजे आपली लाख, संस्कृतातली लाक्षा.

फ्रेंच कट दाढी इंग्रजीत काय म्हणतात?

हा सलूनवाल्याचा प्रश्न. लंडनच्या न्हाव्याकडे ‘फ्रेंच कट’ मागितलीत तर तो गोंधळेल. मिशी आणि हनुवटीची दाढी जोडून गाल साफ ठेवायचे, या प्रकाराला तिकडे ‘गोटी’ म्हणतात, म्हणजे बोकडदाढी. मिशी सुटी असेल तर ‘व्हॅन डाइक’, अँथनी व्हॅन डाइक या फ्लेमिश चित्रकारावरून. ‘फ्रेंच दाढी’ ही हिंदुस्थानी इंग्रजीची कमाई. मी हे सगळं समजावून सांगितल्यावर सलूनवाला म्हणाला, ‘बोकडदाढी म्हटलं तर कोण करून घेईल?’ दरपत्रकावर अजून ‘फ्रेंच कट’च आहे.

भाषांतर करताना ‘फ्रेंच’ तसाच ठेवावा का?

मी वस्तू असेल तर ठेवतो, वागणूक असेल तर काढतो. फ्रेंच विंडो, फ्रेंच फ्राइज वाचकाच्या ओळखीचे आहेत. लीव्ह, लेटर, पॉक्स यांतला ‘फ्रेंच’ मराठीत आणला की वाचक नकाशा उघडून बसतो. पॉक्सला मात्र आपल्याकडे ‘फिरंग’ तयार आहे. जुन्या काळावरच्या कादंबरीत तो वापरायची संधी मला एकदाच मिळाली, आणि तेव्हा मुद्रितं तपासणाऱ्या त्याच बाईंनी समासात बरोबरची खूण केली होती.

मोहरीच्या पिवळ्या बाटलीवर ‘फ्रेंचेस’ लिहिलेलं असतं, तेही फ्रान्सचं का?

नाही. ते अमेरिकेतल्या एका कुटुंबाचं आडनाव आहे.